पडद्यावरचे छिद्र

आमच्या थोरल्या काकांच्या कपाटात एक कॅमेरा चामड्याच्या तपकिरी पेटीत कित्येक वर्षे पडून होता. नाव ‘झोर्की-४’. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यात १९५६ ते १९७३ या काळात हे कॅमेरे तयार होत. काका भिलाईच्या पोलाद कारखान्यात नोकरीस होते. मायदेशी परतणाऱ्या एका रशियन अभियंत्याकडून त्यांनी तो विकत घेतला. ‘झोर्की’ म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. आमच्या घरात मात्र या नजरेवर एक किटाळ आले होते.

१९७९ साली आमच्या मुंजीत काकांनी अंगणात आजीचा फोटो काढला. तो धुऊन आला तेव्हा आजीच्या गालावर पांढराफेक डाग होता. त्याच वर्षी आजी गेली. तोंडावर कोणी काही बोलले नाही, परंतु माजघरात कुजबुज झालीच. काकांनी आपला हात बिघडला अशी समजूत करून घेतली आणि कॅमेरा जो पेटीत ठेवला, तो पुन्हा हाती धरला नाही.

यंदाच्या सुटीत तो कॅमेरा दुरुस्त करावा असे आमच्या मनाने घेतले. या कॅमेऱ्याची पाठ सबंध निघते आणि भिंगही फिरवून काढता येते. खोलीत अंधार केला, मागून विजेरी धरली आणि पुढून पाहिले. काळ्या पडद्यावर एक बारीकशी चांदणी लुकलुकत होती. रबर लावलेल्या कापडी पडद्याला छिद्र पडले होते!

लगेच जुना आल्बम काढला. त्या वर्षी उन्हात घेतलेल्या प्रत्येक फोटोत त्याच जागी डाग होता. घरात घेतलेल्या फोटोंत नव्हता. काकांचा हात निर्दोष होता.

मग छिद्र पडले कसे? आरशाच्या कॅमेऱ्यात भिंग आणि पडदा यांच्यामध्ये आरसा असतो. अंतरमापक कॅमेऱ्यात तो नसतो. भिंगाने गोळा केलेले ऊन थेट पडद्यावर पडते. बहिर्गोल भिंगाने कागद जाळण्याचा प्रयोग आम्ही स्वतः वर्गात अनेकदा करून दाखविला आहे. तेव्हा आठवले, मुंजीआधीच्या उन्हाळ्यात आम्ही भिलाईला गेलो होतो. काकांच्या नकळत हा कॅमेरा पेटीतून काढला होता, टोपण काढून खिडकीत ठेवला होता आणि कैऱ्या पाडणाऱ्या मुलांची हाक येताच तसाच सोडून पळालो होतो. खिडकी पश्चिमेची होती. छिद्र त्याच दुपारी पडले, असे शपथेवर सांगता येणार नाही. पण दुसरा संशयित आम्हांस सापडत नाही.

दुरुस्तीला लागलो. लवचीक काळ्या रंगाचा पातळ लेप बारीक कुंचल्याने छिद्रावर दिला. लेप जाड झाला तर पडदा ताठरतो आणि गती चुकते. संथ गतींचे चक्र जुन्या वंगणाने चिकटले होते, ते मात्र जाणकार कारागिराकडे सोपविले. ज्यांच्या घरी हा कॅमेरा असेल त्यांनी एक पथ्य पाळावे : आधी चाप भरावा, मगच गतीची चकती फिरवावी. उलट केल्यास आतली यंत्रणा मोडू शकते.

आता अंतरमापक. खिडकीतून पाहिले की एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवून त्या एकमेकींवर बसल्या की अंतर जुळले. भिंग अनंतावर ठेवून दूरच्या पाण्याच्या टाकीकडे पाहिले, तर टाक्या दोन! पुढच्या बाजूचा झाकणीचा स्क्रू काढून आतला स्क्रू केसभर फिरवला, तेव्हा त्यांची एक झाली. मग फिल्मच्या जागी अर्धपारदर्शक कागद ताणून, पडदा उघडा धरून, भिंगाने पाडलेली प्रतिमाही तपासली.

तरीही खरी परीक्षा फिल्मचीच. ४०० वेगाची कृष्णधवल फिल्म भरली आणि प्रत्येक चित्राची नोंद वहीत ठेवली. कडक उन्हात एकच भिंत तीनदा टिपली : एफ/११ व १/१०००, एफ/१६ व १/५००, एफ/२२ व १/२५०. तिन्ही वेळा प्रकाश सारखाच पडतो. निगेटिव्ह सारख्या आल्या नाहीत तर पडद्याची गती चुकली असे समजावे. एक मीटरवर तिरपी पट्टी ठेवून भिंग पूर्ण उघडून फोटो घेतला. शेवटी चाप भरून, टोपण काढून, सूर्य टाळून कॅमेरा लख्ख आकाशाकडे मिनिटभर धरला आणि मगच कळ दाबली. छिद्र उरले असेल तर त्याने आता बोलावे.

रोल धुऊन आला. १/१००० ला चित्राची एक कड काळवंडली होती. त्या गतीच्या वाटेला जाणे नको. बाकी सारे ठीक. आकाशाच्या चित्रात डाग नव्हता.

शाळेत कोणाचा तरी दोष ठरविण्याची पाळी आमच्यावर रोजच येते, आणि ते काम आम्ही बहुधा चटकन उरकतो. या खेपेस मात्र आरोपी आम्हीच होतो.

काका आता शहाऐंशी वर्षांचे आहेत. आम्ही त्यांच्यापुढे चित्रे ठेवली, विजेरीने पडदा दाखविला आणि खिडकीची हकीकत सांगितली. ते बराच वेळ आकाशाचा फोटो पाहत राहिले.

“म्हणजे हात नव्हता बिघडला,” ते म्हणाले. मग थांबून, “तेव्हाच सांगितलं असतंस, तर आईचा दुसरा फोटो काढला असता रे मी.”

यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

थोड्या वेळाने त्यांनी कॅमेरा मागून घेतला, दर्शिकेची तरफ आपल्या डोळ्याला जुळेल अशी फिरवली आणि विचारले, “रोल आहे का आणखी?” आमच्या आईसाठी अंगणात खुर्ची मांडायला सांगितले. आकाशात ढग होते. कॅमेरा आमच्या हाती परत देत काका म्हणाले, “ऊन येईपर्यंत टोपण घालून ठेव.”