रुंद रस्ता, अरुंद रस्त्याची रीत

पळस्पे फाटा सोडून जुन्या मुंबई-पुणे महामार्गाने खोपोलीकडे निघाले की थोड्याच वेळात कोन लागते. इथून एक रस्ता सावळे-रसायनीकडे वळतो. बंदराकडचे कंटेनर, कारखान्यांचे टँकर, एसटी, रिक्षा, दुचाक्या आणि पायी चालणारी माणसे या सगळ्यांना इथे एकाच डांबरावरून वाट काढायची असते. गावापासून जवळच यशवंतराव चव्हाण द्रुतगती मार्ग आहे. तिथे पादचारी नाही, दुचाकी नाही, चौक नाही आणि मोटारीला ताशी १०० किलोमीटरची परवानगी आहे. दोन्ही रस्ते एकाच तालुक्यातले, पण स्वभावाने अगदी वेगळे. चालवणारा मात्र दोन्हीकडे एकाच रीतीने चालवतो, आणि या पट्ट्यात इतकी माणसे का मरतात याचे बरेचसे उत्तर इथेच सापडते.

ती रीत वाईट होती असे कुणी म्हणू नये. एकपदरी रस्त्याच्या काळात ती शिस्तच होती. पुढच्या ट्रकला हॉर्न द्यायचा, साइड मागायची. समोरून काही येत नसेल तर क्लीनर हात बाहेर काढून ‘चला’ म्हणून खुणावणार. रात्री डिपर मारायचा, समोरच्यानेही मारायचा. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. बोरघाटात वर्षानुवर्षे एसटी चालवलेल्या चालकांनी हे संकेत कसोशीने पाळले. ट्रकच्या पाठीवरचे ‘हॉर्न ओके प्लीज’ याच व्यवहाराचा भाग होते. राज्य सरकारने २०१५मध्ये ते लिहायला बंदी घातली, पण त्यामागची समजूत गेली नाही. पुढे बघणे एवढेच आपले काम, मागून कुणी येत असेल तर तो वाजवेल, अशी ती समजूत आहे. ताशी चाळीसच्या वेगाला ती चालून जात होती. ताशी शंभरच्या वेगाने गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे जाते. तेवढ्यात हॉर्न ऐकून, ठरवून, बाजूला होणे माणसाला जमत नाही.

द्रुतगती मार्ग २००२मध्ये पूर्ण खुला झाला. लांबी साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, जाण्यासाठी तीन लेन आणि येण्यासाठी तीन. डावी लेन अवजड वाहनांची, मधली मोटारींची, उजवी फक्त ओव्हरटेकची. प्रत्यक्षात चढावर एक कंटेनर दुसऱ्याला रांगत ओलांडत असतो, उजव्या लेनमध्ये एखादी मोटार निवांत साठने चाललेली असते आणि मागचा वैतागून डावीकडून कट मारतो. ट्रकचालकांना दोष देणे सोपे आहे, पण त्यांचेही ऐकायला हवे. डाव्या लेनमध्ये कुठे बंद पडलेली गाडी उभी असेल याचा भरवसा नसतो, आणि एकदा वेग मोडला की लादलेला ट्रक पुन्हा वेगात आणायला डिझेल जळते. शिवाय चालक थकलेला असतो. युरोपात ट्रकचालकाला साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे, आणि ती घेतली की नाही याची नोंद गाडीतले यंत्रच ठेवते. आपल्याकडे १९६१च्या कायद्याने दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली आहे. कळंबोली-जेएनपीटी पट्ट्यात रस्त्याच्या कडेला कंटेनर लावून केबिनमध्ये झोपलेला चालक पाहिला, की हा कायदा त्याच्यापर्यंत किती पोचला ते कळते.

जर्मनीत स्टुटगार्ट, म्युनिक या भागांत मराठी अभियंत्यांची बरीच कुटुंबे आहेत. तिथल्या आउटोबानच्या मोठ्या भागावर वेगाला बंधनच नाही, तरीही ती व्यवस्था चालते. याचे कारण असे, की ज्या बाजूने ओव्हरटेक करायचे ती बाजू ठरलेली आहे, दुसऱ्या बाजूने पुढे जाणे गुन्हा आहे, आणि ओव्हरटेक झाला की आपल्या लेनमध्ये परतणे सक्तीचे आहे. लेन बदलण्याआधी आरसा बघणे चालकाच्या अंगवळणी पडलेले असते. पुण्यात दहा वर्षे गाडी चालवलेल्या माणसाचा भारतीय परवाना तिथे राहायला गेल्यावर सहा महिने चालतो. त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष, दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. नव्याने शिकणाऱ्याला तर लेखी परीक्षेच्या तयारीसाठी दीड-दीड तासाच्या चौदा वर्गांना बसावे लागते आणि बारा सक्तीच्या फेऱ्या माराव्या लागतात. त्यात चार आउटोबानवरच्या आणि तीन अंधारातल्या.

आपल्याकडे शिकाऊ परवान्यासाठी पंधरा प्रश्न असतात आणि नऊ बरोबर आले की पास. ही परीक्षा २०२१पासून घरबसल्याही देता येते. पुढची चाचणी बहुधा मैदानात किंवा आरटीओजवळच्या रस्त्यावर होते. द्रुतगती मार्गावर एकदाही चाक न लावता माणूस त्या मार्गावर गाडी चालवायला कायद्याने पात्र ठरतो.

५ जून २०१६च्या पहाटे कोनपासून जवळच, शेडुंगच्या हद्दीत द्रुतगती मार्गावर जे घडले ते या दृष्टीने पुन्हा बघायला हवे. एका मोटारीचे चाक पंक्चर झाले म्हणून ती कडेला थांबली. दुसरी, इनोव्हा, मदतीसाठी थांबली. साताऱ्याहून मुंबईकडे येणाऱ्या खासगी बसने दोन्ही गाड्यांना धडक दिली आणि तिन्ही वाहने खाली कोसळली. सतरा माणसे गेली. अनोळखी माणसाची गाडी बंद पडलेली दिसली तर थांबायचे, ही आपल्याकडची फार चांगली रीत आहे. गावाकडच्या रस्त्यावर तिने अनेकांना वाचवले असेल. द्रुतगती मार्गावर त्या चांगुलपणाला संरक्षण देणारी कोणतीच व्यवस्था त्या पहाटे तिथे नव्हती.

मदत करणे जर्मनीतही कर्तव्यच आहे, न करणाऱ्याला शिक्षा होऊ शकते. पण ती कशी करायची हे तिथे शिकवले जाते. गाडी बंद पडली की चारही इंडिकेटर लावायचे, चमकणारे जाकीट अंगात घालायचे, त्रिकोण बराच मागे नेऊन ठेवायचा, आणि सगळ्यांनी कठड्याच्या पलीकडे जाऊन उभे राहायचे. गाडीत बसायचे नाही, गाडीमागेही उभे राहायचे नाही. १ जुलै २०१४पासून प्रत्येक मोटारीत असे जाकीट असणे तिथे सक्तीचे आहे. पेट्रोल संपून आउटोबानवर गाडी थांबली तर दंड होतो, कारण ते चालकाने आधी बघायला हवे होते. वाहतूक कोंडली, की गाड्या अजून हलत असतानाच सगळ्यात डावी रांग डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकतात आणि मधून रुग्णवाहिकेला वाट तयार होते. सायरन ऐकू येण्याची वाट कुणी बघत नाही. खंडाळ्याच्या कोंडीत आपल्याकडे उलटे होते. रुग्णवाहिकेसाठी उरलेली कडेची पट्टी सगळ्यात आधी मोटारी भरून टाकतात. रुग्णवाहिकेला वाट न देणाऱ्याला कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दहा हजार रुपयांचा दंड आहे. पण पुढेमागे अडकलेल्या गाडीने बाजूला सरकायचे कुठे, हे कोणत्याही चालकाला कुणी करून दाखवलेले नसते.

जुलै २०२४मध्ये, आषाढी एकादशीच्या तोंडावर, डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस पनवेलजवळ रात्री याच मार्गावर एका ट्रॅक्टरला धडकली. पाच जणांचा जीव गेला. द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला मनाई आहे. तरीही तो तिथे होता, आणि तो तिथपर्यंत पोचेपर्यंत त्याला कुणी अडवले नाही.

एवढे सांगितल्यावर एक वाक्य हमखास ऐकू येते: आपल्या लोकांना शिस्तच नाही, रक्तातच नाही. हे म्हणणे चुकीचे आहेच, शिवाय त्याने नुकसानही होते, कारण मग कुणालाच काही करावे लागत नाही. रायगड-रत्नागिरीतली कितीतरी माणसे आखातात नोकरीला आहेत, काही तर चालक म्हणूनच. तोच माणूस दुबईत लेन सोडत नाही आणि पुढच्या गाडीच्या मागे चिकटून चालवत नाही. तिथे चिकटून चालवल्याबद्दल ४०० दिरहम दंड आणि चार काळे गुण मिळतात, पादचाऱ्याला वाट न दिल्यास ५०० दिरहम आणि सहा गुण. चोवीस गुण झाले की परवाना निलंबित. चालकाचा परवाना गेला म्हणजे नोकरी गेली. सुटीवर पनवेलला उतरल्यावर त्याचे रक्त बदलत नाही, पण त्याला माहीत असते, की इथे ई-चलान आले तरी ते भरल्यावाचून वर्षे निघतात.

जपानचे उदाहरण तर अधिक बोलके आहे. नम्रतेसाठी जगभर वाखाणलेल्या या देशात, सिग्नल नसलेल्या झेब्रा क्रॉसिंगवर पादचारी उभा असताना किती मोटारी थांबतात, याची पाहणी तिथला वाहनचालक महासंघ दरवर्षी करतो. २०१८मध्ये शंभरातल्या नऊसुद्धा थांबत नव्हत्या. पोलिसांनी कारवाई वाढवली, आकडे प्रांतवार जाहीर होऊ लागले, मागे पडलेल्या प्रांतांना लाज वाटू लागली, आणि २०२३मध्ये हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. पाच वर्षांत राष्ट्राचा स्वभाव बदलत नाही. बदलली ती सवय. याच जपानमध्ये १९७०मध्ये १६,७६५ माणसे रस्त्यावर मेली होती. आज त्या देशाची लोकसंख्या महाराष्ट्राच्या आसपास आहे. २०२२मध्ये तिथे अपघातानंतर तीस दिवसांच्या आत मरण पावलेले लोक सुमारे ३,२०० होते. त्याच वर्षी महाराष्ट्रात १५,२२४ मृत्यू झाले. आपल्याकडे गाड्या जपानपेक्षा कमी असताना ही स्थिती आहे.

नुसते मोठे रस्ते बांधूनही भागत नाही. अमेरिकेइतके रुंद रस्ते कुठे असतील? तिथे २०२२मध्ये ४२,५१४ माणसे गेली. जर्मनीत २,७८८. लोकसंख्येचा चौपटीचा फरक धरला तरी हा हिशेब बसत नाही. आपल्याकडे जानेवारी २०२४मध्ये अटल सेतू खुला झाला, तेव्हा पहिल्याच दिवसांत लोकांनी पुलावर गाड्या थांबवून, कठड्यापाशी जाऊन फोटो काढले आणि पोलिसांना दंड करत फिरावे लागले. समाजमाध्यमांवर त्या लोकांची भरपूर टवाळी झाली. पण समुद्रावरच्या वेगवान पुलावर थांबणे जीवघेणे का आहे, हे त्याआधी त्यांना कधी, कुणी शिकवले होते? उद्घाटनाच्या जाहिरातींत पुलाची लांबी होती. तो कसा वापरायचा, ते बहुतेकांनी पुलावर पोचल्यावरच पाहिले. आता नवी मुंबईचे विमानतळही सुरू झाले आहे, आणि पनवेलच्या रस्त्यांवरची गर्दी वाढतच जाणार आहे.

सुधारणा आपल्याकडेही झाल्या आहेत, आणि जिथे झाल्या तिथे माणसे वाचली आहेत. फेब्रुवारी २००१मध्ये भाताण बोगद्याजवळच्या अपघातात अभिनेत्री भक्ती बर्वे गेल्या. डिसेंबर २०१२मध्ये दुभाजक ओलांडून आलेल्या टेम्पोने अभिनेते आनंद अभ्यंकर आणि अक्षय पेंडसे यांच्या मोटारीला धडक दिली, त्यात ते दोघे आणि पेंडसेंचा लहानगा मुलगाही गेला. हळहळ सगळ्या महाराष्ट्राला वाटली. पुढे दुभाजकावर तारांचे दोर बसले. सेव्ह लाइफ फाउंडेशन आणि रस्ते विकास महामंडळाने २०१६पासून एकेक धोक्याची जागा शोधून दुरुस्त करायला घेतली, तर जुलै २०२४पासून लेन मोडणाऱ्याला टिपणारे कॅमेरे लागले. २०१६मध्ये या मार्गावर १५१ मृत्यू झाले होते, पुढच्या काही वर्षांत ते शंभराच्या खाली आले. माणसे तीच होती.

मात्र हे सगळे द्रुतगती मार्गाच्या कुंपणाच्या आत झाले. कोनसारख्या गावांतून जाणाऱ्या जुन्या रस्त्याकडे तेवढे लक्ष गेले नाही. गिरणी कामगारांसाठी २०१६मध्ये सोडत काढलेली सुमारे २,४०० घरे याच कोनमध्ये आहेत. लालबाग-परळच्या चाळींत आयुष्य गेलेली, आता सत्तरीत असलेली माणसे आणि त्यांची नातवंडे इथे राहायला येतात. त्यांना महामार्ग पायी ओलांडायचा असतो, आणि पुढच्या कटपर्यंतचा वळसा टाळण्यासाठी रॉंग साइडने कडेने येणारी दुचाकी त्यांना दिसत नाही, कारण ते साहजिकच दुसऱ्या बाजूला बघत असतात. ब्रिटनने जानेवारी २०२२मध्ये आपल्या हायवे कोडमध्ये स्पष्ट लिहिले, की ज्याच्या हातून जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त. वळणाऱ्या मोटारीने रस्ता ओलांडायला थांबलेल्या माणसाला आधी जाऊ द्यायचे. कोनला याची गरज लंडनपेक्षा कमी नाही.

यासाठी नवा कायदा हवा अशातला भाग नाही. वाहन चालवण्याच्या चाचणीत उमेदवाराने आरशाचा वापर, योग्य इशारे, ओव्हरटेक करणे आणि दुसऱ्याला करू देणे हे सगळे करून दाखवले पाहिजे, असे १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १५व्या नियमात लिहिलेलेच आहे. मैदानात आठचा आकडा काढून यातले काहीच दिसत नाही. पनवेलच्या आरटीओच्या हद्दीत जुना महामार्ग आहे, द्रुतगती मार्ग आहे, शेडुंगचा एक्झिट आहे. चारचाकीच्या उमेदवाराच्या शेजारी बसून निरीक्षकाने त्याला कोनच्या गर्दीतून गाडी न्यायला लावली, पादचाऱ्यासाठी थांबतो का ते पाहिले, आणि मग द्रुतगती मार्गावर दहा किलोमीटर चालवायला लावले, तर त्याला लेन कळते की नाही हे अर्ध्या तासात समजेल. निरीक्षक कमी आहेत, ही अडचण खरी आहे. ते वाढवायला पैसा लागेल. या मार्गावर एका मोटारीचा एका फेरीचा टोल एप्रिल २०२३पासून ३२० रुपये आहे. त्यातले थोडे चालक शिकवण्यावर आणि पनवेल-कळंबोलीत ट्रकचालकांसाठी स्वच्छ, सुरक्षित थांबे बांधण्यावर खर्च करायला सरकारने आता वेळ लावू नये.