पाचोळ्याखालची ओल

मे महिन्यात निरगुडसरला मामांच्या आंबराईत गेलो, की मी झाडाखालचा पाचोळा बाजूला सारून माती मुठीत दाबतो. तिचा लाडू वळतो. शेजारच्या झाडून लख्ख केलेल्या बागेतली माती मात्र पिठासारखी बोटांतून निसटते.

पाऊस दोन्हीकडे सारखाच. फरक पाचोळ्याचा. तो थेंबांचा मार झेलतो, उन्हाची झळ अडवतो. कुजला की गांडुळे त्याची माती करतात आणि ती माती पाणी धरून ठेवते. मोठ्या झाडाला पाणी जास्त लागते हे खरे. पण त्याची सावली आणि पाचोळाही वाढलेला असतो, मुळे लांबवर गेलेली असतात.

महाराष्ट्राच्या सीमेलगत, उंबरगावजवळच्या देहरी गावात भास्करभाई सावे (१९२२-२०१५) यांनी हेच ओळखले. पाणी बुंध्याशी न देता ते चरांत देत आणि झाड वाढेल तसा चर दूर नेत.

१९९० मध्ये महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमीशी जोडली. त्या काळातल्या बागा आज तिशीपलीकडे आहेत. शेततळ्याला, ठिबकला अनुदान मिळते, ते हवेच. पण वर्षानुवर्षे साठलेली ही फुकटची ओल आपण 'स्वच्छते'च्या नावाखाली पेटवून देतो, त्याचे काय?

मामाही पूर्वी पाचोळा जाळत. बोअर आटली, तेव्हा त्यांनी काडीपेटी खिशात ठेवली. आपणही बोअर आटायचीच वाट पाहायची का?