रेंडरिंगचा संगणक: आधी काम, मग कार्ड

मुलगी इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला गेली की घरात एक नवा विषय निघतो. जुन्या लॅपटॉपवर दिवाणखान्याचे एकच चित्र रेंडर व्हायला सारी रात्र जाते. पहाटे उठून पाहावे तर यंत्र तापून बंद पडलेले असते आणि दहा वाजता कॉलेजात सादरीकरण असते. मुलीचा रडवेला चेहरा पाहून वडील मुदतठेव मोडायला तयार होतात. दुकानात मात्र रंगीबेरंगी दिव्यांचे, काचेच्या कॅबिनेटचे यंत्र पुढे येते. "काका, यावर सगळे गेम चालतील," असे दुकानदार सांगतो. अशा वेळी आईने हळूच विचारावे, "पण हिचं काम चालेल का?" साऱ्या खरेदीचे सार या एका प्रश्नात आहे.

काम कोण करते?

रेंडरिंग म्हणजे संगणकावर आखलेल्या खोलीत प्रकाश कुठून येईल, सावली कुठे पडेल, लाकूड आणि काच कशी दिसेल याचे गणित करून छायाचित्रासारखे चित्र तयार करणे. हे गणित काही सॉफ्टवेअरमध्ये प्रोसेसर करतो, तर काहींमध्ये ग्राफिक्स कार्ड. कोरोना रेंडरर प्रोसेसरवर चालते. लुमियन, एन्स्केप आणि ट्विनमोशन यांचा भार ग्राफिक्स कार्डावर असतो. व्ही-रे आणि २००२ पासून खुले व विनामूल्य असलेले ब्लेंडर दोन्ही प्रकारे काम करू शकतात. तेव्हा मुलगी कोणते सॉफ्टवेअर वापरते, हे कागदावर लिहून घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नये.

आराखडा काढणे हे काम निराळे. ऑटोकॅड किंवा स्केचअपमध्ये रेषा आखताना प्रोसेसरचा बहुधा एकच कोअर राबत असतो, म्हणून तिथे त्या एकाचा वेग महत्त्वाचा. प्रोसेसरवर रेंडर करताना मात्र सगळे कोअर एकदम कामाला लागतात. घरच्या कार्यासारखेच हे आहे. पुरणाला चटका देणारी एकच सुगरण असते, पण पंगत लवकर उठायची तर वाढपी जास्त हवेत. कोरोनावर काम असेल तर सहाऐवजी आठ किंवा अधिक कोअरच्या प्रोसेसरवर पैसे घालावेत. लुमियनवर असेल तर सहा कोअरवर भागवून उरलेले पैसे कार्डाकडे वळवावेत.

नवे ते मोठे असतेच असे नाही

कार्ड घेताना त्यावरची मेमरी आधी विचारावी. फर्निचर, पडदे, झाडे यांसह सगळे दृश्य त्या मेमरीत मावावे लागते. मावले नाही तर काम रेंगाळते किंवा मध्येच थांबते. येथे नवेपणावर भुलू नये. २०२१ मध्ये आलेल्या आरटीएक्स ३०६० कार्डात १२ जीबी मेमरी होती, तर २०२३ च्या आरटीएक्स ४०६० मध्ये ८ जीबीच. शिवाय ३०६० चाही पुढे ८ जीबीचा प्रकार निघाला. म्हणजे नाव तेच, पण माल कमी! म्हणून मेमरीचा आकडा बिलावर लिहून घ्यावा. रेंडरिंगची अनेक सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे एनव्हिडियाच्या कार्डांना धरून बनत आली आहेत. दुसऱ्या कंपनीचे कार्ड घेण्यापूर्वी ते आपल्या सॉफ्टवेअरला चालते का, याची खात्री करावी.

तरीही नाकापेक्षा मोती जड होऊ देऊ नये. सगळे पैसे कार्डात गेले आणि रॅम ८ जीबीच राहिली, तर यंत्र अडखळणारच. या कामाला ३२ जीबी रॅम असावी, निदान १६ जीबीने सुरुवात करून पुढे वाढवण्याची सोय तरी असावी. रॅमच्या दोन सारख्या पट्ट्या घेतल्या तर वेग चांगला मिळतो. डीडीआर ४ ची पट्टी डीडीआर ५ च्या मदरबोर्डात बसत नाही, हे आधीच लक्षात ठेवावे. विंडोज आणि चालू कामासाठी एनव्हीएमई एसएसडी घ्यावी. जुनी कामे साठवायला साधी हार्ड डिस्क पुरते.

न दिसणारा भाग

काटकसर नेहमी एसएमपीएसवर केली जाते, कारण तो बाहेरून दिसत नाही. रात्रभर चालणाऱ्या यंत्रात हलका एसएमपीएस बिघडला तर स्वतःबरोबर इतर भागही घेऊन जातो. आरटीएक्स ३०६० एकटे १७० वॉटपर्यंत वीज घेते आणि त्यासाठी कंपनीने ५५० वॉटचा एसएमपीएस सुचवला होता. नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणित असाच घ्यावा. यूपीएसचेही तसेच. नेहमीच्या ६०० व्हीए यूपीएसची क्षमता साधारण ३६० वॉट असते, ती अशा यंत्राला अपुरी पडू शकते. १००० व्हीएचा घेतला तर वीज गेल्यावर काम साठवून यंत्र नीट बंद करता येते. दिव्यांच्या पंख्यांवर जाणारे पैसे इथे लावावेत.

पैसे कमी पडले तर

सगळे एकदम घ्यायलाच हवे असे नाही. अंगचे ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेतला तर कार्डाशिवायही आराखड्याचे काम सुरू होते, कार्ड सहा महिन्यांनी घेता येते. मात्र इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ही सोय नसते. एसएमपीएस मात्र पुढच्या कार्डाचा विचार करून पहिल्यांदाच घ्यावा.

मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, दिल्लीचे नेहरू प्लेस असो की बंगळुरूचा एस. पी. रोड, दोन-तीन दुकानांतून प्रत्येक भागाची किंमत वेगवेगळी लिहून घ्यावी. बिलाशिवाय स्वस्त मिळणारा माल टाळावा, कारण वॉरंटीच्या वेळी बिलच कामी येते. जुने कार्ड घ्यायचे झाल्यास अर्धा तास रेंडर चालवून पाहावे. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे मायनिंग बंद झाल्यावर दिवसरात्र राबलेली बरीच कार्डे जुन्या बाजारात आली होती.

मोडलेली ठेव पुन्हा उभी राहायला वेळ लागतो. पण कामाचे यंत्र घरी आले, तर मुलीची पहिली कमाई त्यातूनच येऊ शकते. तेव्हा दुकानात शिरताना आईचा तो साधा प्रश्न सोबत न्यावा आणि उत्तर मिळाल्याशिवाय पाकीट उघडू नये.