मुलगी जिऑलॉजी घ्यायचं म्हणते, तर घेऊ द्या

बारावीचे निकाल लागले की रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या आणि तात्यापाऱ्यातल्या आपल्या मराठी घरांत एकच चर्चा सुरू होते. नीटला किती पडले, जेईईला किती, आणि दोन्हीकडे नाही जमलं तर पुढे काय. मग बी.एस्सी.चा फॉर्म येतो, विषयांच्या यादीत जिऑलॉजी दिसतं आणि घरातले काका म्हणतात, "दगड गोळा करून पोट भरणार का?" मुलीनं स्वतःहून तो विषय मागितला असेल तर आईही काकांच्या बाजूला जाते. उन्हातान्हात डोंगर चढायचे, अनोळखी गावांत राहायचं, कसं जमणार? माझं हे आवाहन त्या काकांना आणि त्या आईला आहे. मुलांशी नंतर बोलतो.

आधी आपण कुठे राहतो ते बघा. आपल्या शहराखालचा चुनखडक आणि त्याच्या जोडीचे थर भूगर्भशास्त्राच्या ग्रंथांत 'रायपूर गट' याच नावानं नोंदलेले आहेत. गुंडरदेहीचं नाव तिथल्या शेल खडकामुळे परदेशातल्या शोधनिबंधांतही छापलं जातं. शंभर कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. त्यातल्या सूक्ष्म जीवाणूंनी थरावर थर चढवत उभे केलेले खांब, म्हणजे स्ट्रोमॅटोलाइट, इथल्या चुनखडकात आजही दिसतात. ज्यांना ओळखता येत नाही ते त्यावर पाय देऊन पुढे जातात. बलौदाबाजार, तिल्दा, भाटापारा या पट्ट्यात सिमेंटचे कारखाने एकाला एक लागून का आहेत, याचं उत्तर त्याच समुद्रात आहे.

पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचं ऐकून आपण मुलांना तिकडे पाठवायला धावतो. बाकी विषयांचं मला माहीत नाही, पण या एका विषयात रायपूरच्या मुलाचं नशीब पुण्याच्या मुलापेक्षा चांगलं आहे, असं माझं मत आहे. महाराष्ट्राचा चार-पंचमांशाहून जास्त भाग बसाल्टचा. पुण्याहून निघालेला विद्यार्थी दिवसभर एस.टी.नं फिरला तरी बहुतेक काळाच पत्थर पाहतो. आपल्या मुलाला भिलाईजवळ नंदिनीला चुनखडकाची खाण आहे, दल्ली-राजहऱ्याला लोहखनिज आहे, कोरब्याला कोळसा आहे. मैनपुरात हिऱ्याचा किंबर्लाइट आहे. मैनपाटावर बॉक्साइट आणि त्याच्याखाली बसाल्टसुद्धा आहे, म्हणजे पुण्याचा पत्थरही सुटत नाही. बम्लेश्वरीच्या दर्शनाला आपण डोंगरगडला जातो, तिथल्या ग्रॅनाइटचं नावच 'डोंगरगड ग्रॅनाइट' आहे आणि तो दोनशे कोटी वर्षांहून जुना आहे. एका रात्रीच्या प्रवासात एवढं बघायला मिळेल अशी शहरं देशात फार नाहीत.

शिकायची सोयही घराजवळ आहे. पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठ 1964 साली निघालं, तिथे भूविज्ञान आणि जलसंसाधन व्यवस्थापनाची अध्ययनशाळा आहे. शेजारी एनआयटी. ती 1956 साली खाणकाम आणि धातुशास्त्राचं सरकारी कॉलेज म्हणूनच सुरू झाली होती आणि तिथे उपयोजित भूविज्ञानाचा विभाग आहे. पलीकडे नागार्जुन सायन्स कॉलेज. तिन्ही संस्था जी.ई. रोडच्या एकाच पट्ट्यात, पुरानी बस्तीतून स्कूटरवर जाऊन-येऊन होण्यासारख्या. होस्टेलचा खर्च नाही, हे आईंनी लक्षात घ्यावं.

आता काकांच्या 'पोट भरणार का' याबद्दल. 1887 साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे प्रमथनाथ बोस यांनी रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातल्या लोखंडाच्या धंद्यावर एक अहवाल लिहिला. त्या वेळी दुर्ग जिल्हा नव्हता, तो 1906 साली झाला. राजहऱ्याच्या टेकड्या रायपुरातच मोडत. पुढे 1903च्या सुमारास दोराबजी टाटा नागपूरच्या सचिवालयात एका साहेबाची वाट पाहत होते. वेळ जाईना म्हणून समोरच्या संग्रहालयात गेले आणि तिथे लावलेल्या भूवैज्ञानिक नकाशावर दुर्ग भागात लोहखनिजाचा गडद रंग त्यांना दिसला. माणसं घेऊन ते राजहऱ्याला पोहोचले. खनिज उत्तम निघालं, पण लागणारा कोळसा आणि पाणी हाताशी नव्हतं, म्हणून पोलादाच्या कारखान्याचा बेत सोडावा लागला. याच बोसांनी 1904 साली जमशेटजी टाटांना मयूरभंजच्या खनिजाबद्दल पत्र लिहिलं आणि कारखाना साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला उभा राहिला. राजहऱ्याचं खनिज मात्र वाट बघत राहिलं. 1959 साली भिलाईची पहिली भट्टी पेटली तेव्हा ते कामाला आलं. आपल्यातल्या कितीतरी कुटुंबांची चूल भिलाईच्या पगारावर चालली आहे, तेव्हा दगड पाहणाऱ्या माणसानं पोट भरतं की नाही हे काकांना मी वेगळं सांगायला नको. बोसांचं स्वतःचं काय झालं, हेही सांगून टाकतो: हाताखालच्या इंग्रज अधिकाऱ्याला वर बसवलं म्हणून 1903 साली त्यांनी नोकरी सोडली. सरकारी नोकरीत हुशारीला नेहमी न्याय मिळतोच असं नाही, तेव्हाही नव्हता.

आजच्या नोकऱ्यांचं सरळ सांगतो. संघ लोकसेवा आयोगाची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते. त्यातून भूवैज्ञानिक सर्वेक्षणात आणि केंद्रीय भूजल मंडळात वर्ग एकची पदं मिळतात, मूळ वेतन 56,100 रुपयांपासून. दोन्ही खात्यांची कार्यालयं रायपुरातच आहेत. राज्याच्या खनिज विभागात खनि निरीक्षक, सहायक भूवैज्ञानिक अशी पदं निघतात. शिवाय एनएमडीसी, कोल इंडिया, सिमेंटवाले, ड्रिलिंग करणाऱ्या खासगी कंपन्या. 2024 साली कोरब्याकडच्या कटघोऱ्याच्या लिथियम ब्लॉकचा लिलाव झाला. बॅटरीच्या जमान्यात असल्या खनिजांचा शोध वाढणार, हे कळायला कोणी तज्ज्ञ नको.

आणि आता जे कोणी सांगत नाही ते. नुसत्या बी.एस्सी.वर या विषयात फारसं काही मिळत नाही. आयोगाच्या त्या परीक्षेला एम.एस्सी.च लागते. जागा दर वर्षी बदलतात, एखाद्या वर्षी शंभराच्याही खाली येतात, आणि बसणारे हजारो. म्हणजे पाच वर्षं शिक्षण आणि वर एक-दोन वर्षं तयारी, असा हिशेब घरात आधी मांडा. ज्या घरात तीन वर्षांनी पगार यायलाच हवा आहे त्या घरानं हा विषय घेऊ नये, किंवा घेतला तर सोबत दुसरं काही हाताला येईल असं पाहावं. ही गोष्ट मुलाला तिसऱ्या वर्षी कळण्यापेक्षा बापाला पहिल्याच दिवशी कळलेली बरी.

पाण्याचा विषय मला जास्त जवळचा वाटतो, म्हणून त्यावर जरा थांबतो. आपल्या भागात बोअर मारायचं ठरलं की नारळ हातावर घेऊन फिरणारा पाणाड्या अजून बोलावला जातो. चुनखडकाचा स्वभाव मोठा लहरी. पाण्यात तो हळूहळू विरघळतो, आत पोकळ्या आणि भेगा होतात. बोअर अशा भेगेला लागला तर पाणी धो-धो. पाच पावलांवर शेजाऱ्याचा बोअर मात्र धुरळा उडवतो. आणि त्याच भेगांतून गटाराचं पाणीही फारसं गाळलं न जाता खाली उतरतं, म्हणून जुन्या वस्तीत बोअरचं पाणी तपासून घेतलेलंच बरं. जमिनीत वीज सोडून तिचा रोध मोजायची पद्धत आहे, तिनं खालच्या थरांचा अंदाज येतो. खात्री तीही देत नाही, पण नारळापेक्षा तिच्यावर माझा भरवसा जास्त. बुढा तलाव, महाराजबंध, कंकाली तलाव ही आपली तळी जमिनीतल्या पाण्याशी कशी जोडलेली आहेत आणि काठ सिमेंटनं बांधून काढले की काय होतं, याचा अभ्यास आपल्याच वस्तीतल्या मुलीनं केला तर नगर निगमला चार प्रश्न तरी नीट विचारता येतील.

खाणींचं दुसरं अंगही मुलांपासून लपवू नका. हसदेवच्या जंगलात कोळशाच्या खाणींवरून काय चाललं आहे ते सगळ्यांना माहीत आहे. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी काळी धूळ आपल्या गच्चीवरच्या कपड्यांवर बसते. एखाद्या गावात हातोडी आणि होकायंत्र घेऊन गेलेल्या मुलाला लोक विचारतात, आमची जमीन जाणार का? तो प्रश्न रास्त आहे आणि त्याचं खरं उत्तर द्यायची तयारी लागते. जंगल वाचवू पाहणाऱ्यांनाही भूगर्भ कळणारा माणूस लागतोच. पर्यावरणाचा अहवाल उघडून 'इथे भूजलाबद्दल लिहिलेलं चूक आहे' म्हणून दाखवणारी माणसं आपल्याकडे मोजकीच आहेत.

महाराष्ट्रात कोयना 1967 आणि किल्लारी 1993 हे भूकंप, माळीण 2014 ही दरड, ही नावं आपण शोकानंच घेतो. तिथे पुढची कामं, म्हणजे कोयनेच्या परिसरात खोल विवरं घेऊन भूकंपाचा अभ्यास करणं, उतार कुठे सरकेल याचे नकाशे करणं, भूवैज्ञानिक मंडळीच करतात. खाण नको वाटत असेल तर इकडे जा.

मुलीच्या आईला एक गोष्ट सांगायची राहिली. जमिनीखालच्या खाणीत बायकांना कामाला बंदी होती. ती 2019 साली तांत्रिक, देखरेखीच्या आणि व्यवस्थापनाच्या पदांसाठी सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेपुरती उठली. काळजी वाटणं साहजिक आहे. पण कॉलेजला विचारायचे प्रश्न वेगळे आहेत: फील्डला मुलींबरोबर शिक्षिका जातात का, राहायची सोय कुठे असते, स्वच्छतागृह आहे का. ते विचारा, आणि उत्तर लेखी मागायलाही लाजू नका.

आता मुलांनो, तुमच्याशी. प्रवेश घेण्याआधी विभागात जा आणि तीन गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघा. सूक्ष्मदर्शक चालू आहेत की कपाटात. नमुन्यांच्या ट्रेवर नावं आहेत की धूळ. आणि मागच्या वर्षीची मुलं फील्डला किती दिवस गेली, हे मास्तरांना न विचारता त्या मुलांनाच विचारा. कायम शिक्षक किती, अतिथी किती, तेही कळून घ्या. सोबतचे विषय निवडताना गणित किंवा भौतिकशास्त्र जमत असेल तर टाळू नका, आयआयटीच्या एम.एस्सी.साठी जी जॅम परीक्षा असते तिच्या प्रवेशात सोबतचे विषय कोणते होते हेही पाहिलं जातं. सर्वेक्षणाच्या 'भूकोश' पोर्टलवर देशाचे भूवैज्ञानिक नकाशे फुकट मिळतात, क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. पहिल्याच वर्षी रायपूरचा नकाशा उतरवा आणि तो घेऊन खारून नदीच्या काठानं चाला. नकाशात लिहिलंय ते जागेवर सापडतं का बघा. इंग्रजी शब्दांना घाबरू नका. शेतकऱ्याला भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार माती नुसत्या नजरेनं ओळखता येते, तुम्हालाही खडक तसेच ओळखता येतील, मात्र हात लावल्याशिवाय नाही. पाच-सहा किलोमीटर चालून दमायला होत असेल, वही नीट ठेवायचा कंटाळा असेल, तर हा विषय घेऊ नका. मार्क कमी पडले म्हणून तर मुळीच घेऊ नका.

काका, तुम्हाला एवढीच विनंती. मुलीला फॉर्मवरचा पसंतीक्रम बदलायला लावण्याआधी एक दिवस काढा, तिला घेऊन विद्यापीठाच्या भूविज्ञान विभागात जा आणि तिथल्या एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाच्या चार मुलांशी बोला. मग काय ते ठरवा, आणि ठरवताना तिलाही विचारा.