लांडग्याचा चुलतभाऊ खारघरला

मार्च लागला की सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ताडोबाच्या बुकिंगची गडबड सुरू होते. वाघ दिसला तर पैसे वसूल. लांडगा बघायला निघालोय, असं म्हणणारा मला तरी अजून भेटलेला नाही. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात १९९५ साली कॅनडातून १४ लांडगे आणले गेले, आणि आज त्यांच्या वंशजांसाठी माणसं पहाटेच्या थंडीत दुर्बिणी लावून तासन्‌तास उभी असतात. आपला लांडगा सहसा उद्यानात मावत नाही. तो बारामती-इंदापूरच्या माळावर, धनगरांच्या वाड्यांच्या आगेमागे असतो. वनखात्याने शिरसुफळ आणि कडबनवाडीला गवताळ सफारी सुरू केली आहे. जमलं तर जाऊन या.

नाहीच जमलं, तर त्याचा चुलतभाऊ इथेच आहे. खारघरच्या कांदळवनात सोनेरी कोल्हे राहतात. तिवरांच्या आडोशाने फिरायचं आणि खेकडा, उंदीर, मेलेला मासा, मिळेल ते खायचं, असा त्यांचा संसार. नर-मादीची जोडी टिकून राहते. वसंताच्या सुमारास पिल्लं होतात, आणि कधी कधी आदल्या वर्षीची पोरं धाकट्यांना सांभाळायला मागे थांबतात.

तो दिसावा म्हणून वाट बघायची तर घड्याळापेक्षा पंचांग बघा. अमावास्या-पौर्णिमेला आपल्याकडे उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आसपास येते, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. ऐन उजाडताना चिखल उघडा पडलेला असतो. अष्टमीच्या आसपास गेलात तर त्या वेळी पाणीच बघाल. हे आगरी-कोळ्यांना कुणी शिकवावं लागत नाही. आपण बिल्डिंगवाले मात्र ॲप उघडतो. फ्लेमिंगोंचं वेळापत्रकही हेच. ओहोटीला ठाणे खाडीच्या चिखलात चरायचं, भरतीला नेरूळच्या पाणथळींवर विसावायचं. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ सालचं, रामसर यादीत ते २०२२ मध्ये गेलं. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येतं.

सकाळी कोल्ह्याचं तोंड दिसलं की दिवस चांगला जातो म्हणतात. आपलं तोंड बघून कोल्ह्याचा दिवस कसा जातो, ते सांगणं कठीण. कारण खाडीकाठी फिरायला येणारे आपण बिस्किटं टाकतो, उरलेल्या बिर्याणीचे डबे सोडतो. त्यावर भटकी कुत्री जमतात, आणि कुत्र्यांकडून रेबीज-डिस्टेंपर कोल्ह्यांत जातो. २०२४ मध्ये खाडीपलीकडे, चेंबूर-ट्रॉम्बे भागातल्या एका कोल्ह्याला रेबीज असल्याचं तपासणीत निघालंही. तेव्हा कोल्हा दिवसाढवळ्या झोकांड्या खात जवळ आला तर मोबाइल पुढे करू नका, मागे सरा. एरवी तो स्वतःच तुम्हाला टाळतो.

माझ्या मते कोल्ह्याला भुकेपेक्षा भरावाची भीती जास्त आहे. कांदळवन तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाची बंदी आहे, कडेचा ५० मीटरचा पट्टाही राखीव आहे. तरी रात्रीत डेब्रिजचा ढीग उगवतो. असा ट्रक रिकामा होताना दिसला तर ग्रुपवर फोटो टाकून थांबू नका. वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे, तिथे फोन करा.