साफ केलेली जागा

"साहेब, जागा एकदम साफ करून दिली." जेसीबीवाला खुशीत होता. पालघर-बोईसर रस्त्यालगतच्या आमच्या पाच गुंठ्यांवरून करवंदाची जाळी गेली होती, कुडा गेला होता, दिंडा औषधालाही उरला नव्हता. वाचला तो पश्चिमेच्या बांधावरचा करंज, तोही जेसीबीचा हात तिथवर पोचला नाही म्हणून. त्या माणसाला काय बोलणार? नकाशात तिथे 'लॉन' लिहिलं होतं आणि खाली सही माझी होती.

नवा नकाशा करंजाला विचारूनच काढला. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याची पानगळ होते, पण चैत्रात पालवी येते आणि मे महिन्यात भिंती तापायला लागतात तेव्हा सावली दाट झालेली असते. झोपायची खोली त्याच्या आडोशाला घेतली. इथला पाऊस नैर्ऋत्येकडून आडवा येतो, म्हणून ओटा पूर्वेला आणि छप्पर तीन फूट पुढे. खाऱ्या हवेत लोखंडी ग्रिल किती टिकतं ते तारापूरकरांना विचारा; आम्ही सागवानी गज बसवले. न्हाणीचं पाणी पाटाने केळी-अळूला दिलं. यात माझी अक्कल काही नाही, केळवे-माहीमच्या वाड्यांत हे पिढ्यान् पिढ्या चालत आलंय.

देशीचं सोवळं मात्र मला जमायचं नाही. डहाणू-घोलवडचं नाव ज्याच्यावर चालतं तो चिकू मूळचा मेक्सिकोकडचा, काजू ब्राझीलचा. चिकू लावणारच. पण टँकर मागवून हिरवळ जगवायची नाही. तिच्या जागी ताम्हण, बकुळ, कडेला माकडलिंबू. 2015 साली राज्य फुलपाखरू ठरलेलं ब्लू मॉर्मन अंडी घालतं ते याच लिंबाच्या कुळातल्या झाडांवर. पानं कुरतडली जाणार. बायको म्हणाली, "कुरतडू देत, पण बकुळीखालचा केर तुम्ही काढायचा."

पहिल्या पावसानंतर पोर्चच्या खांबाच्या खुणेवर चार कोंब दिसले. कामावरच्या वारली मावशींनी पान खुडलं, देठातून पांढरा चीक आला. "कुडाच हाय. मुळं खालीच हायत ना." मग शेंगांची भाजी कशी करायची तेही सांगितलं.

"खांब कुठे घेऊ मग?" मिस्त्री वैतागला. पायाने फक्कीची रेघ पुसून त्याने दोन हात अलीकडे दुसरी मारली. गाडीचं तोंड आता उन्हात राहतं.