दुधाचे दात पडणारच; पण वेळेआधी नकोत

‘दुधाचेच दात ते! आज ना उद्या पडायचेच आहेत. त्यांची एवढी कसली काळजी?’

घरोघरी हे वाक्य ऐकू येते. बोलणारी आजी असो की शेजारीण, तिच्या मनात वाईट काही नसते. दात पडायचे आहेत हेही खरेच. पण ते केव्हा पडायचे आहेत, हे मात्र फारसे कुणी मोजत नाही. भगिनींनो, आज तेवढा हिशेब मांडू या.

बाळाला साधारण ६ महिन्यांच्या सुमारास खालचे पुढचे दोन दात येतात. कुणाला चौथ्या महिन्यात येतात, तर कुणाला वर्ष भरता भरता. थोडे मागेपुढे झाले तर घाबरू नये. वरचे दात आधी आले तर मामाला जड जाते, असे काही घरांत म्हणतात. मामाने निर्धास्त असावे. भाच्याच्या दातांचा आणि त्याचा काही संबंध नाही. अडीच ते तीन वर्षांपर्यंत वर १० आणि खाली १० असे २० दात पुरे होतात. त्यांतले पुढचे दात सहाव्या-सातव्या वर्षी हलू लागतात. मागच्या दाढा मात्र दहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत तोंडात राहतात. म्हणजे दोन वर्षांच्या लेकराला आज जी दाढ आली, तिला अजून ८-१० वर्षे भाकरी चावायची आहे. बैलजोडीकडूनही आपण जवळपास तेवढीच वर्षे काम घेतो, आणि तिची निगा रोज राखतो. मग लेकराच्या दाढेकडेच पाठ का फिरवावी?

हद्दीचा दगड

दुधाची दाढ फक्त चावण्यासाठी नसते. तिच्या खाली हिरडीत पक्का दात तयार होत असतो आणि ती त्याची जागा राखून ठेवते. बांधावरचा हद्दीचा दगड उपटला की काय होते, ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. शेजारचा नांगर दर साली वीतभर आत सरकतो. तोंडातही तसेच होते. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली, की शेजारचे दात त्या मोकळ्या जागेत कलतात. मागाहून येणाऱ्या पक्क्या दाताला जागा उरत नाही. मग तो वाकडा येतो, नाहीतर हिरडीतच अडकून बसतो. कीड मुळापर्यंत जाऊन पू झाला, तर खाली वाढणाऱ्या पक्क्या दातालाही धोका पोचू शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी आधीचा एकही दात पडत नाही, म्हणून घरच्यांना ती दुधाचीच वाटते. ती पक्की दाढ असते आणि जन्मभर पुरवायची असते. दुधाचे दात किडलेल्या तोंडात ती आली, तर तिलाही कीड लागायला वेळ लागत नाही.

कीड येते कुठून?

जत्रेत किंवा बाजारात दाताची कीड काढून देणारे भेटतात. कसली तरी धुरी देतात आणि पांढऱ्या अळ्या दाखवतात. त्या अळ्या दातातल्या नसतात. दातात अळी होतच नाही. आपल्या तोंडात डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. दातावर गोड चिकटून राहिले की हे जंतू ते खातात आणि त्याचे आम्ल तयार करतात. त्या आम्लाने दाताचे वरचे कठीण कवच विरघळू लागते. दुधाच्या दातांचे हे कवच पक्क्या दातांपेक्षा पातळ असते, म्हणून कीड आत लवकर शिरते.

लाळ ही दाताची राखणदार. ती आम्ल धुऊन नेते आणि झालेली झीज थोडीफार भरूनही काढते. पण त्यासाठी तिला उसंत हवी. शिवाय झोपेत लाळ फार कमी सुटते. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा ते किती वेळा खाल्ले आणि तोंडात किती वेळ राहिले, याला महत्त्व अधिक. जेवणाबरोबर एक लाडू खाऊन वर पाणी प्यालेल्या मुलापेक्षा, दिवसभर बिस्किटाचा तुकडा गालात धरून हिंडणाऱ्या मुलाचे दात लवकर किडतात. गूळ साखरेपेक्षा बरा म्हणून पुष्कळ जणी गुळाचे पाणी किंवा गुळाचा चहा देतात. पण दातांना गूळ काय आणि साखर काय, दोन्ही सारखीच.

सर्वांत वाईट म्हणजे रात्रीची बाटली. काढणीच्या दिवसांत आई थकून घरी येते. ऊसतोडीच्या फडावर तर पहाटेच कोयता हाती घ्यावा लागतो. लेकरू रडते, म्हणून साखर घातलेल्या दुधाची किंवा चहाची बाटली तोंडात देऊन त्याला निजवले जाते. यात आईला दोष देण्यासारखे काही नाही. तिलाही चार तास झोप हवी. पण ते गोड दूध रात्रभर दातांभोवती साचून राहते. खालच्या पुढच्या दातांवर जीभ येते म्हणून ते वाचतात. वरचे पुढचे चार दात आधी बळी जातात.

बाटली एकदम तोडली तर सारे घर जागे राहील. ती हळूहळू सोडवावी. आधी साखर कमी करावी. मग दर दोन रात्रींनी दुधात पाणी थोडे थोडे वाढवत न्यावे. दोन आठवड्यांत बाटलीत नुसते उकळून गार केलेले पाणी राहील, आणि लेकराचे तिच्यावरचे मनही उडेल. तेवढे दूध दिवसा वाटीने पाजावे. वर्ष भरले की पेल्याची सवय लावावी.

अंगावरच्या दुधाचे मात्र असे नाही. पहिले ६ महिने फक्त आईचे दूध आणि त्यानंतर वरच्या खाण्याबरोबर दोन वर्षे व पुढेही ते पाजावे. दातांच्या भीतीने कुणी अंगावर पाजणे तोडू नये. दात आल्यावर रात्री निजण्यापूर्वी ते स्वच्छ करावेत, एवढे पुरे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नये. दातांसाठी नव्हे, तर त्यातून क्वचित जिवावर बेतणारी विषबाधा होते म्हणून.

जेवत नाही, म्हणून मारू नका

दोन वर्षांच्या लेकराला ‘माझी दाढ दुखते’ असे सांगता येत नाही. ते भाकरी तोंडात घेते आणि थुंकते. एकाच बाजूने चावते. गार पाणी प्यायले की रडते. रात्री दचकून उठते. नुसता दूधभात किंवा बिस्किट बुडवलेला चहा मागते. घरच्यांना वाटते, पोर लाडावले आहे. कुणी रागावते, कुणी एक चापटही देते. आणि अंगणवाडीत वजन केले की काटा तिथल्या तिथेच. पोषण आहार मिळूनही लेकरू भरत नसेल, तर एकदा त्याच्या तोंडात बघा. चावता न येणाऱ्या मुलाच्या ताटात काय वाढले, याला अर्थ उरत नाही.

बघायचे कसे? महिन्यातून एकदा उजेडात बसून बाळाचा वरचा ओठ हळूच वर उचला. हिरडीलगत दातावर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण आहे. या वेळी दवाखान्यात दाखवले तर फ्लोराइडचा लेप लावून कीड पुष्कळदा थोपवता येते. रेघ पिवळी, मग तपकिरी झाली आणि खड्डा पडला, की दात भरावा लागतो. त्याहून उशीर झाला, तर मुळाचा इलाज नाहीतर दात काढणे. लहान मुलावर हे उपचार करणे अवघड आणि खर्चाचे असते.

हिरडीवर पुवाची पुळी आली, गाल सुजला आणि ताप भरला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दाढेत तंबाखू, चुना किंवा कापूर भरत बसू नका.

दात येताना

दात येताना बाळ लाळ गाळते, हाताला येईल ते चावते, किरकिर करते. अंग किंचित कोमटही लागते. यापलीकडचा ताप आणि पातळ जुलाब दातांमुळे होत नाहीत. नेमके याच वयात बाळ रांगू लागते आणि जमिनीवरचे सारे तोंडात घालते, म्हणून त्याला जुलाब लागतात. ‘दात येताहेत, थांबेल आपोआप’ म्हणून वाट पाहिली, तर बाळाच्या अंगातले पाणी संपते आणि प्रसंगी जीवही जातो. प्रत्येक जुलाबानंतर क्षारसंजीवनीचे, म्हणजे ओआरएसचे पाणी चमच्याने पाजा. अंगावरचे दूध चालू ठेवा. आशाताईंकडून ओआरएसची पाकिटे आणि झिंकच्या गोळ्या घ्या. त्या गोळ्या १४ दिवस पुऱ्या द्यायच्या असतात. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, बाळ मलूल पडले किंवा जुलाबात रक्त दिसले, तर लगेच प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा.

हिरड्या शिवशिवत असतील तर हात धुऊन स्वच्छ बोटाने हळू चोळा. ओले, गार, स्वच्छ फडके चावायला द्या. गळ्यात मण्यांची माळ बांधू नका. ती तुटली तर मणी घशात अडकतो. हिरडीला चीर देऊ नका आणि दात येण्याच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या मनानेच देऊ नका.

रोजची निगा

पहिला दात दिसला त्या दिवसापासून तो घासायचा. बाळाचे डोके आपल्या मांडीवर, तोंड वर, आणि आपण त्याच्या डोक्याच्या बाजूला. असे बसले की दात नीट दिसतात. लहान, मऊ ब्रश घ्या आणि हिरडीलगत हळूहळू गोल फिरवा. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. दिवसातून दोनदा घासा. एकदाच जमणार असेल, तर रात्रीची वेळ चुकवू नका. त्यानंतर पाण्याशिवाय काही देऊ नका. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत मोठ्या माणसाचा हात त्याच्या ब्रशवर हवा. त्याआधी त्याला स्वतःला नीट घासता येत नाही.

यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असते आणि मुलांच्या पक्क्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात. लिटरमागे दीड मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड असलेले पाणी पिण्याजोगे धरत नाहीत. अशा गावात आधी पाण्याची तपासणी करून घ्या आणि लेकरासाठी कोणती पेस्ट वापरायची, ते दातांच्या डॉक्टरांना विचारा.

राखुंडी, कोळसा, विटेची पूड यांनी लेकराचे दात घासू नका. कवच खरवडून निघते. मशेरी तर घरातच नको. ती भाजलेली तंबाखूच आहे. आई मशेरी लावते तेव्हा शेजारी बसलेली पोर बघत असते, आणि एक दिवस तिचे बोटही त्या डबीत जाते. आईचे स्वतःचे दात किडके असतील, तर तिच्या उष्ट्या चमच्यातून ते जंतू बाळाच्या तोंडात जातात. म्हणून बाळाचा चमचा वेगळा ठेवा आणि आपल्या दातांचा इलाज आधी करून घ्या.

दाखवायचे कुठे?

पहिला दात आल्यापासून वर्ष भरेपर्यंत एकदा तरी दातांच्या डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळ ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत दातांचे डॉक्टर असतात. आपल्या तालुक्याला ते कोणत्या वारी बसतात, हे आशाताईंना विचारून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ च्या फेब्रुवारीत आपल्या पालघरहूनच सुरू झाला. त्याचे पथक अंगणवाडीतल्या मुलांना वर्षातून दोनदा आणि शाळेतल्या मुलांना एकदा तपासते. दातांची कीडही त्यांच्या यादीत आहे. पथक येणार असेल त्या दिवशी लेकराला घरी ठेवू नका, आणि ‘दातही बघा’ असे स्वतः सांगा.

रात्री जेवणे उरकली, गोठ्यात वैरण टाकून झाली, की पाच मिनिटे लेकराला मांडीवर घ्या. एक मऊ ब्रश आणि तांदळाएवढी पेस्ट, याहून जास्त खर्च नाही. ते दात पडायचेच आहेत. पण ते आपल्या पाळीने, न दुखता पडावेत आणि कौलावर फेकताना लेकराला हसू यावे, एवढे आपल्या हातात नक्की आहे.